छताला विचारून

काठी छताला लागली आणि ‘धप’ असा आवाज आला. शर्मिष्ठानं दचकून वर पाहिलं.

मुलुंडच्या या कोऱ्या फ्लॅटची किल्ली नुकतीच हातात पडली होती. सासऱ्यांनी, अनंतरावांनी, घरचा रिवाज म्हणून लोखंडी टोकाची ती लांब काठी सोबत आणली होती. काठी त्यांच्या वडिलांची. इंग्रजांच्या अमलात ते ब्रह्मदेशातल्या खाणीत इंजिनियर होते. सारी नोकरी जमिनीखाली गेली. आत शिरण्याआधी ते छत ठोकून बघायचे. खणखणीत वाजलं तर पुढे जायचं, पोकळ वाजलं तर मागे फिरायचं.

हॉल खणखणीत वाजला, स्वयंपाकघरही. धप वाजलं ते नेमकं नेत्राच्या खोलीत. आणि तिची सहा वर्षांची लेक काखोटीला उशी मारून दारातच उभी होती.

“पोरीला इथे झोपवायचं नाही,” अनंतराव म्हणाले.

केयूर खो खो हसला. “काय बाबा, ही खाण आहे का? नवीकोरी बिल्डिंग आहे. प्लास्टर आहे, वाजणारच ना!”

“वडिलांच्या खाणीवरचा गोरा साहेबही असाच हसला होता. हसत हसत माणसं आत धाडली त्यानं. वडील बाहेरून हाका मारत राहिले. कुणी परत आलं नाही.” अनंतराव थांबले. “त्यानंतर छपराखाली ते कधी मोठ्यानं बोललेच नाहीत. आमच्याशीसुद्धा.”

“नेत्रा, ये गं आत! आजोबांची गंमत बघ,” केयूरनं हाक मारली.

नेत्रा निघालीच. शर्मिष्ठानं तिचं मनगट घट्ट धरलं. आपण उगाच घाबरतोय असं तिनं मनाला बजावून पाहिलं, पण बोटं सुटेनात.

“अगं, सोड ना तिला! तू पण काय?” केयूर वैतागला. वडिलांच्या हातून काठी घेऊन तो खोलीच्या मधोमध गेला, नेत्राचा पलंग लागणार होता तिथे, आणि त्यानं ती वर हाणली.

धप.

जरा सरकून त्यानं पुन्हा ठोकलं. तेच. खिडकीपाशी ठोकलं, तिथेही तेच. त्याच्या खांद्यावर थोडी पांढरी पूड पडली. चौथ्यांदा त्यानं काठी उचलली, पण छताला लावलीच नाही.

“बाबा, येऊ का मी आत?” नेत्रा दारातून ओरडली.

केयूरची नजर छतावरून हलली नाही. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” तो कुजबुजला. “हळू बोल, बाळा.”