माघार

आम्ही दोघे भाऊ शिंपी, मशिनी समोरासमोर. वाघ आणि अस्वल भिडले तर कोण जिंकेल, यावरून तीस वर्षं आमची जुंपायची. मी अस्वलाच्या बाजूने, दादा वाघाच्या. "एकदा मानगूट धरली की खेळ खलास," तो बॉबिन भरता भरता म्हणायचा. माघार कुणीच घ्यायचं नाही. त्या नादात एकदा गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही डाव्याच बाह्या लागल्या.

आज दादा माझी फाइल घेऊन डॉक्टरांच्या खोलीतून आला. माझ्या कॉटवर बसला आणि चादरीची उसवलेली कड बोटांनी दुमडत राहिला.

"काय म्हणाले?"

"तुझंच खरं रे," तो म्हणाला. "अस्वलच जिंकेल."

मी फाइल मागितली नाही. एवढंच म्हटलं, "दादा, भांड ना."