मोकळी रेघ

"सर, लीगच्या लिलावात नाव देऊ, की शेवटचं वर्ष कॉलेजकडूनच खेळू?" आठवडाभर दिग्या माझं डोकं खात होता.

शेवटी म्हटलं, "चढाई कर. परत आलास तर लीग, सापडलास तर कॉलेज." बचावाच्या पोरांना मात्र गुपचूप सांगून ठेवलं, कुणी धरायचं नाही. बघू तरी, गडी काय करतो!

दिग्या कबड्डी-कबड्डी करत घुसला. पोरं लांब पळाली. तो मधल्या रेघेपाशी परत आला आणि अलीकडेच थांबला.

"जा की लेका, रेघ समोर आहे!" पोरं ओरडली. त्याचा आवाज बारीक होत होत बंद पडला.

"दम संपला. आऊट, सर!"

एका दमात अख्ख्या मैदानाला फेरी मारणारा गडी हा! मी काही बोलायच्या आत तो उलटा फिरला आणि पोरांच्या हातात हात घालून साखळीत उभा राहिला.

"पाठवा आता कुणाला पाठवायचंय ते!"