टाचेच्या रक्ताचे पाच ठिपके

डॉक्टरीणबाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं तेव्हाही आजोबांचे हात नेहमीसारखे पाठीमागेच बांधलेले होते. खुर्ची रिकामी होती, पण ते भिंतीला टेकून उभे राहिले. सून नातीला मांडीवर घेऊन बसली होती.

कार्ड पोस्टकार्डाच्या निम्मंसुद्धा नव्हतं. त्यावर पाच तपकिरी ठिपके, आणि एका ठिपक्यात मसुरीच्या दाण्याएवढं भोक.

"हे तुमच्या नातीचं रक्त," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन दिवसांची असताना टाचेला टोचून घेतलेलं. इथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं घेतो आपण, वेगळ्या तपासण्यांसाठी. परवा त्यातलाच एक तुकडा काढून पुन्हा तपासला."

"तीन वर्षांपूर्वीचं रक्त?" आजोबांचा विश्वास बसेना.

"दोन वर्षांनी फेकून द्यायचा नियम आहे," दाराशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. त्या तळघरातली कार्डांची खोली सांभाळायच्या. कार्ड कधी कुणाच्या हाती पाठवत नसत. स्वतः घेऊन येत आणि स्वतः परत नेत. "पण माझा हात धजावत नाही. आता तुमचं सापडता सापडेना. दोन दिवसांच्या बाळाला नाव कुठलं असतं? आम्ही तारखेनं लावतो, आणि तुमच्या कार्डावर कुणा शहाण्यानं महिनाच चुकीचा घातलेला. तीन महिन्यांचे डबे उपसले, तेव्हा कुठे हाती लागलं."

भाजी निवडत बसल्याचं सांगावं इतक्या सहज त्या हे सांगत होत्या. त्यांना हात जोडावेत असं आजोबांना फार वाटलं, पण हात पाठीमागून पुढे आले नाहीत.

चाळीस वर्षं त्या हातांनी काचा बसवल्या होत्या. दुकानांच्या, शाळांच्या, पुरुषभर उंचीच्या. एकीलाही तडा गेला नाही. आणि पाच महिन्यांचं लेकरू तेवढं निसटलं, न्हाणीघराच्या दाराशी, साबणानं बुळबुळीत झालेलं. कपाळावर टेंगूळ आलं, दोन दिवसांत जिरलंही. मग कळलं की पोरीला ऐकू येत नाही. चालायला उशीर झाला, चालली तरी तोल जाऊ लागला. घरात कुणी आजोबांना चकार शब्दानं बोललं नाही. सून तर पडल्या दिवशीच म्हणाली होती, "असू द्या, बाबा. कुणी मुद्दाम करतं का?" त्या दिवसापासून अडीच वर्षं त्यांनी नातीला उचललं नव्हतं.

"या रक्तात विषाणू सापडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे ती जन्मली तेव्हाच तो तिच्या अंगात होता. पोटात असतानाच त्यानं मेंदूला आणि कानांना इजा केली. डोक्याच्या फोटोत जे पांढरे डाग दिसले, तेही त्याचेच. पडण्याचा याच्याशी काही संबंध नाही, आजोबा. ती पडली नसती तरी आज अशीच असती."

आजोबा खुर्चीत बसले.

"मग आता औषध?"

"आता नाही. पहिल्या महिन्यात कळलं असतं तर एक होतं, त्याचाही थोडाफारच उपयोग. आता कानाची यंत्रं, व्यायाम, जे चाललंय तेच. या तपासणीनं उपचारात काडीचा फरक पडणार नाही, हे मी तुमच्या सूनबाईंना आधीच सांगितलं होतं. तरी चार महिने त्यांनी माझ्यामागे लकडा लावला. म्हणाल्या, रिपोर्ट मुलीला नकोय, आमच्या घरात एकाला हवाय."

आजोबांनी सुनेकडे पाहिलं. ती मुलीच्या कानामागचं यंत्र सरळ करत होती. यंत्र सरळच होतं.

काच फुटली की तडा कुठून सुरू झाला हे आधी शोधायचं, ही त्यांची धंद्यातली सवय. "पण पोटातल्या बाळापर्यंत तो पोचला कसा?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. उत्तर सुनेनं दिलं.

"माझ्याकडून, बाबा. तिसऱ्या महिन्यात दोन दिवस बारीक ताप होता मला. मीच म्हटलं, थकवा असेल."

"कित्येकींना तेवढाही येत नाही," डॉक्टरीणबाई घाईनं म्हणाल्या. "यात कुणाचा दोष नसतो."

"हो," सून म्हणाली.

तो 'हो' आजोबांच्या चांगल्या ओळखीचा होता. अडीच वर्षं ते स्वतः तसाच 'हो' म्हणत आले होते. रिपोर्ट असा आला तर बोट कुणाकडे वळणार, हे तिला चार महिने ठाऊक होतं. आणि तरी सासऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला तिनं स्वतःचं डोकं पुढे केलं होतं. एवढं मोठं काळीज आपल्याला नाही, आजोबांच्या मनात आलं.

कार्डवाल्या बाईंनी कार्ड पाकिटात घातलं, वहीत सुनेची सही घेतली आणि त्या तळघराकडे निघाल्या.

आजोबांनी हात पुढे केले. "आण तिला इकडे."

काच धरावी तशी त्यांनी नातीला धरलं, एक तळवा खाली, एक पाठीला. समोरच्याच्या गळ्यावर हात ठेवायची तिला सवय होती. कोण बोलतंय ते तिला बोटांनी कळायचं. आजोबांच्या गळ्यावर हात ठेवून ती वाट पाहत राहिली. आत काहीच हलेना, तेव्हा दार वाजवावं तशा तिनं दोन थापट्या मारल्या.

"असू दे, पोरी," आजोबा सुनेला म्हणाले. "कुणी मुद्दाम करतं का?"