समुद्रकमळांचा थर

"कुठं सापडली ही?" गिरिधर सरांनी भिंगावरून डोळा न काढता विचारलं.

"खाप्याले, सर. सासरवाडीले गेलो होतो," श्रावण म्हणाला. "विहिरीचा गाळ काढून राहिले होते, त्यात दिसली."

टेबलावर सहा दगडी चकत्या होत्या. शर्टाच्या बटणाएवढ्या, चांदणीसारख्या पाच टोकांच्या, मधोमध भोक. समुद्रकमळाच्या, म्हणजे समुद्रतळाशी राहणाऱ्या एका प्राण्याच्या, देठाचे दगड झालेले तुकडे. श्रावणचं घर कोष्ट्याचं, विणकराचं; हातमाग कधीच बंद पडला होता. वीस वर्षं तो भूशास्त्र विभागात सरांसाठी दगड कापत होता. सरांनी एकदा हिमालयातून अशीच मूठभर आणली होती, म्हणून त्याने ओळखली.

आणि सरांचं काय सांगावं! नागपूरजवळ एके काळी समुद्र होता, हे ते अठरा वर्षं घसा फोडून सांगत होते. परिषदांत लोक तोंडावर हसत. एक समुद्रकमळ मिळालं असतं तरी सगळ्यांची बोलती बंद झाली असती. इथे तर सहा! निवृत्तीला चारच महिने उरले होते.

"पंधरा कोटी वर्षं, श्रावण! विहिरीतला तो थर तेवढा जुना निघाला तर... थांब, चहा टाकतो."

सरांच्या पत्नी अरुंधतीबाई सहा वर्षांपूर्वी हृषीकेशच्या आश्रमात निघून गेल्या, तेव्हापासून घरात चहा सरच करत.

"बाईचं पत्र-बित्र?" श्रावणने विचारलं.

"नाही रे. तिनं संसार सोडला तो सोडलाच." सर कप घेऊन आले. "विहीर कुणाची?"

"दादाजीची. संत्र्याच्या बागेतली. तुमचीच होती न थे बाग, बाई गेल्यावर तुम्हीच त्याले इकली."

सरांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांनी पुन्हा भिंग उचललं, एकेका चकतीचं भोक निरखलं आणि सगळ्या चकत्या दूर ढकलल्या.

"लबाडी आहे. कुणीतरी आणून टाकलीत. तिथे कधी समुद्र नव्हताच."

हे वाक्य सरांच्या तोंडून श्रावणने जन्मात ऐकलं नव्हतं.

"आणखी कुणाला दाखवलीस?"

"काहून, सर?"

"विचारतो तेवढं सांग. फेकून दे ती. आणि दादाजीला म्हणावं, विहीर बुजवून टाक. आजच."

श्रावण उठला नाही.

"सर, तुम्हीच शिकवलं मले. जुनी वस्तू कुठंही येऊन पडते. थराचं वय त्यातल्या सगळ्यात नव्या वस्तूवरून धरावं."

"मग?"

त्याने खिशातून सातवी चकती काढली. तिच्या भोकातून लाल नायलॉनचा दोरा गेला होता, गाठ मारलेला.

"ही गाठ आमची, कोष्ट्याची. तुम्ही हिमालयातून आणलेल्यांची बाईची माळ मीच ओवली होती," तो म्हणाला. "बाकीची माळ अन् हाडं पोलीस विहिरीतून काढून राहिले, सर."