भाजकी माती

संघप्रियानं भाजक्या मातीचा खडा उचलला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं करून परत ताटलीत टाकला. "नको आत्ती. वासानंच मळमळतंय."

यल्लव्वाच्या काळजात धस्स झालं. परवापर्यंत हीच सून मातीसाठी जीव टाकत होती. उठल्या-उठल्या माती, भाकरीआधी माती. यल्लव्वानं कधी नाही म्हटलं नव्हतं. मागतंय ते पोटातलं लेकरू, सुनेचं तोंड नुसतं निमित्त. डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराचे कान फुटतात, हे अख्ख्या कुरुंदवाडात कोणत्या सासूला माहीत नाही? म्हणून ती स्वतः कुंभाराच्या भट्टीवर जायची आणि एकेक खडा पारखून पदरात बांधून आणायची.

आणि आज लेकरानं मागणंच थांबवलं.

मागणं कधी थांबतं? मागणाराच उरला नाही म्हणजे! सगळा दोष तिनं त्या लाल गोळ्यांना दिला. पावसाळ्यात हिवतापानं सून पांढरीफटक पडली, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या मुमताज सिस्टरनं तापाचं औषध दिलं आणि वर रक्तवाढीच्या या गोळ्या. गोळ्यांनी लेकरू काळं होतं, थोराड होऊन अडतं, असं यल्लव्वानं परोपरीनं सांगून पाहिलं. पण तिचा लेक प्रसेनजीत कुठला ऐकतोय! रोज जेवण झालं की समोर बसून बायकोला गोळी घ्यायला लावायचा.

तिनं सुनेला हाताला धरलं आणि तडक दवाखाना गाठला. पायऱ्या चढताना सुनेपेक्षा तिलाच जास्त धाप लागली. भीतीनं असेल, असं तिला वाटलं.

"सिस्टर, तुमच्या गोळीनं माझं नातवंड खाल्लं!" ती दारातूनच ओरडली. "माती मागायचं बंद झालंय त्ये!"

मुमताज सिस्टर भांडत बसली नाही. तिनं संघप्रियाला आडवं केलं, पोटावर छोटा कर्णा टेकवला आणि कान लावला. मग यल्लव्वाला जवळ ओढलं. "तुमीच ऐका की, मावशी."

यल्लव्वानं कान टेकला. आधी काहीच नाही. मग कुठंतरी खोल, शिलाई मशीन भरधाव चालावी तशी टकटक सुरू झाली. एवढासा जीव, त्या अंधारात, कोणाच्या भरवशावर एवढा धावत होता? तिनं स्वतः लेकरं जन्माला घातली होती, पण आतल्या लेकराचा आवाज आजवर कधी ऐकला नव्हता. डोळे भरून वाहिले, तरी कान तिथून निघेना.

"मग माती का मागंना?" तिनं हळूच विचारलं. मोठ्यानं बोललं तर लेकरू दचकेल, असं तिला वाटत होतं.

सिस्टरनं संघप्रियाची खालची पापणी ओढून दाखवली. पावसाळ्यात ती पांढरी होती, आता आत लाली चढली होती. "माती बाळ मागतच नव्हतं, मावशी. अंगात रगात कमी झालं की बाईला माती खावीशी वाटती. मातीनं त्ये आनखीन कमी हुतं. आता गोळ्यांनी रगात भरलं, माती सुटली. एवढंच."

एवढंच! यल्लव्वा त्या लालीकडं बघत राहिली. नखाएवढ्या गोळीनं एवढा मोठा डोहाळा पुसून टाकला होता. तिला नवल आवरेना.

मग तिनं कमरेचा बटवा सोडला आणि स्वतःच अर्धवट खाल्लेला मातीचा खडा सिस्टरच्या टेबलावर ठेवला.

"प्रसेनजीत माझं शेंडेफळ, सिस्टर. आता त्याला पोर हुतंय. मग माझ्या पोटात इतकी वर्सं माती कोन मागतंय?"