सागवानी दार

वडील परगावाहून परतले, तर लेकीच्या खोलीला दारच नव्हतं. नुसती चौकट. आत ती पलंगावर मांडी घालून स्वतः बनवलेल्या इलेक्ट्रिक गिटारला तारा चढवत होती. लाकूड त्यांनी लगेच ओळखलं.

"अगं, अस्सल सागवानी दार होतं ते! त्यानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

तिनं गिटारची वायर स्पीकरला जोडली.

"आणि कापलंसच, तर नीट तरी करायचंस! हे आवाजाचं बटण असं भलतीकडेच काय बसवलंस?"

"तिथं भोक आयतंच होतं, बाबा. मी गिटार वाजवायला जाऊ नये म्हणून बाहेरून कोंडायचात ना मला, त्या कडीचं."

आणि तिनं ते बटण शेवटपर्यंत फिरवलं.