फुग्याची दाढी

कल्पना करा बाळांनो, एका फुग्याला साबणाचा फेस फासलाय आणि एक आजोबा वस्तऱ्याने त्याची दाढी करताहेत. हे रंगनाथ आजोबा. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. पण घरी न्हावी बोलवायला साफ नकार! ते डाव्या हातालाच दाढी शिकवत होते. फुगे फुगवायचं आणि धरून ठेवायचं काम नात शाल्मलीचं.

फट्! फेस दोघांच्याही नाकावर उडाला.

"आजोबा, बाबांचा सेफ्टी रेझर घ्या ना."

"त्याने दाढी होते गं, मजा येत नाही. आण दुसरा फुगा. आणि हसू नकोस, गधडे!"

बरेच फुगे फुटले. एका सकाळी मात्र वस्तरा फेस उचलत सरसर फिरला आणि फुगा तसाच गुबगुबीत राहिला. आजोबांनी लगेच कोमट पाणी मागवलं. ब्रश घोळवून गालावर दाट फेस केला, त्याच्या उबेने क्षणभर डोळे मिटले आणि मग वस्तरा टेकवला. तो जागीच अडला. फुगा मुळात ताणलेलाच असतो. म्हातारा गाल मात्र दुसऱ्या हाताने ताणून धरावा लागतो. इतकी वर्षं ते काम डावा हातच गुपचूप करत आला होता.

आजोबांनी वस्तरा खाली ठेवला नाही. नुसते आरशात बघत राहिले.

शाल्मली स्टुलावर चढली. तिने बोटं फ्रॉकला पुसून कोरडी केली, त्यांच्या कानाजवळची कातडी वर ओढून घट्ट धरली आणि म्हणाली, "हं, चालवा आता."